निक ड्रेकचा 'पिंक मून' चार जणांना एकत्र बसवून ऐकवायचा असेल तर

गेल्या पावसाळ्यात एका रविवारी संध्याकाळी आमच्याकडे ठाण्याला पाच जण बसलो होतो, माझी मावशी, मावसभाऊ, कॉलेजची मैत्रीण, तिचा नवरा आणि मी. मी निक ड्रेक ह्या इंग्रज गायकाचा 'पिंक मून' लावला. अठ्ठावीस मिनिटांचा अल्बम, अकरा गाणी, एक माणूस आणि एक गिटार. संपला तेव्हा मैत्रिणीचे डोळे भरून आलेले, तिचा नवरा म्हणाला की मला सगळी गाणी एकसारखीच वाटली, मावसभाऊ गिटार वाजवतो तर त्याने लगेच मोबाईल काढून ट्यूनिंग शोधायला घेतलं, आणि मावशी, जिला इंग्रजी गाण्यातले शब्द फारसे कळत नाहीत, ती म्हणाली "किती शांत वाटलं गं, देवघरात बसल्यासारखं." मग मैत्रीण नवऱ्याला म्हणाली की तुला ना, काही भिडतच नाही, तो चिडला, म्हणाला की दुःखी माणूस गातोय म्हणून मी पण रडायलाच पाहिजे का, आणि पुढचा अर्धा तास नुसता वाद झाला, चहा तसाच गार झाला.

चूक माझी होती. लावायच्या आधी मी सगळी कहाणी सांगून टाकली होती, की हा डिप्रेशनमध्ये होता, सव्विसाव्या वर्षी गेला, जिवंत असताना कुणी विचारलं नाही वगैरे. म्हणजे कसं ऐकायचं ते मीच ठरवून दिलं आणि वर सगळ्यांना विचारलं की कसं वाटलं. त्यानंतर तीन-चार वेळा वेगवेगळ्या लोकांना हा अल्बम ऐकवला आणि हळूहळू एक पद्धत बसली, ती इथे लिहिते. दुसरा कुठला असाच उदास अल्बम ऐकवायचा असेल तरी हेच चालेल, पण मी ज्याच्यावर केलंय त्याच्याबद्दलच बोलते.

सगळ्यात आधी वेळ. रात्री जेवणं उरकल्यावर, साडेनऊ-दहानंतर. हा अल्बम मुळात रात्रीच रेकॉर्ड झालाय, ऑक्टोबर १९७१, लंडनच्या चेल्सी भागातला साउंड टेक्निक्स नावाचा स्टुडिओ, रात्री उशिरा सुरू करून दोन रात्रीत संपवलेला, आत फक्त निक आणि इंजिनिअर जॉन वूड. आधीच्या दोन अल्बमांवर, म्हणजे 'फाइव्ह लीव्ह्ज लेफ्ट' आणि 'ब्रायटर लेटर'वर, व्हायोलिनं वगैरे होती, दुसऱ्यावर तर ड्रम्स आणि ब्रासही, इथे सगळं काढून टाकलं. पहिल्या गाण्याच्या मधे काही सेकंद पियानो येतो, तोही त्यानेच वाजवलेला, नंतर पूर्ण अल्बममध्ये तो परत येत नाही. तर खाली रिक्षा वाजतायत, कुकरच्या शिट्ट्या होतायत अशा वेळी लावलात तर ज्याला कंटाळा आला त्याला दोष देऊ नका, त्याला काही ऐकूच आलेलं नसणार.

मोबाईलच्या स्पीकरवर अजिबात नको. ह्याचं कारण साधं आहे. टायटल गाण्यासाठी त्याने सगळ्यात जाडी तार चार सेमीटोन (अर्धे स्वर) खाली उतरवलीय, ई वरून सी वर, खालच्या तिन्ही तारा सी-जी-सी अशा लावल्यात, वर दुसऱ्या फ्रेटवर, म्हणजे गिटारच्या दांड्यावरच्या दुसऱ्या पट्टीवर, कॅपो (सगळ्या तारा एकदम दाबून धरणारा चिमटा). म्हणजे खर्ज आणि पंचम सतत गुंजत राहतात, तानपुऱ्यासारखं म्हटलं तरी चालेल, आणि ती गुंज मोबाईलच्या स्पीकरमधून येतच नाही, मग उरतो तो फक्त वरचा टिणटिण आवाज आणि एक पुटपुटणारा मुलगा. साधे दोन बरे स्पीकर असले तरी पुरे. आवाज जास्त मोठा नको, समोरचा माणूस हळू बोलतोय तेवढा.

ॲपवर लावणार असाल तर शफल बंद करा, ऑटोप्ले बंद करा, आणि जाहिराती येणारं फुकटचं अकाउंट असेल तर कुणाकडून तरी जाहिराती नसलेलं मागून घ्या. एकदा आमच्याकडे शेवटचं गाणं संपल्या संपल्या ॲपने स्वतःहून दुसऱ्याच कुणाचं तरी धडाड गाणं लावलं आणि सगळा मूड गेला, मला अजून वाईट वाटतं त्याचं. रेकॉर्ड असेल तर उत्तमच, पहिल्या बाजूला सहा गाणी, दुसरीवर पाच, मधे उठून बाजू पलटावी लागते तेव्हा लोकांना जरा श्वास मिळतो. नसेल तर सहाव्या गाण्यानंतर, म्हणजे 'थिंग्ज बिहाइंड द सन' संपलं की, मुद्दाम मिनिटभर थांबा. ते अल्बममधलं सगळ्यात लांब गाणं, जवळजवळ चार मिनिटांचं, त्यानंतर थांबायची गरज असतेच.

आता आधी काय सांगायचं. माझ्या मते तीनच गोष्टी सांगा, नाव, १९७२ मध्ये आलेला अल्बम आहे, आणि अठ्ठावीस मिनिटं लागतील. बास. "खूप दुःखी आहे बरं का" असं तर अजिबात म्हणू नका कारण मग जो तो आपल्या चेहऱ्यावर दुःख शोधायला लागतो, नाहीतर अंगावर घ्यायला नको म्हणून आधीच अंग चोरून बसतो. कुणी विचारलंच की कशाबद्दल आहे तर म्हणा की ऐकून झाल्यावर बोलू. गाण्यांचे शब्द हवे असतील तर ज्याला हवेत त्याला द्या, सगळ्यांच्या हातात कागद देऊ नका. मावशीने शब्द न समजता जे ऐकलं ते आम्हा बाकीच्यांना ऐकू आलं नव्हतं, ते मला नंतर कळलं.

ऐकताना दिवा मंद करा पण पूर्ण अंधार नको, अंधारात काही लोकांना गुदमरतं. कुणाला उठून बाल्कनीत जायचं असेल तर जाऊ द्या. कुणी मोबाईल बघितला तर बघू द्या. तुम्ही स्वतः मात्र लोकांच्या तोंडाकडे बघत बसू नका, हे मला फार जड गेलं कारण आपलं आवडतं काही दुसऱ्याला ऐकवतो तेव्हा आपला सगळा जीव त्याच्या चेहऱ्यात असतो, पण समोरच्याला ते लगेच जाणवतं आणि तो मग तुमच्यासाठी ऐकायला लागतो.

संपल्यावर लगेच बोलू नका. पाणी द्या, चहा टाका, तीन-चार मिनिटं जाऊ द्या.

आणि मग प्रश्न. "कसा वाटला?" हा प्रश्न विचारायचा नाही. त्याला उत्तर एकतर "छान" येतं नाहीतर "बोअर", आणि दोन्ही उत्तरं आली की लोक आपापली बाजू धरून बसतात. त्याऐवजी विचारायचं, "कुठल्या ठिकाणी काहीतरी झालं?" किंवा "कुठे लक्ष गेलं, कुठे उडालं?" ठिकाण विचारलं की माणूस आठवायला लागतो, मत द्यायचं विसरतो. ह्या एका बदलाने आमच्याकडचे वाद जवळजवळ बंद झाले, खरंच सांगते. मैत्रिणीच्या नवऱ्याला मी नंतर असंच विचारलं तर तो म्हणाला, सातव्या गाण्याला माझं डोकं उठलं, एकच तुकडा परत परत वाजतोय आणि हा नुसता गुणगुणतोय. ते गाणं 'नो' (नकाराचं नव्हे, Know, म्हणजे 'जाण'). त्यात शब्दांच्या चारच ओळी आहेत. प्रेम आहे म्हणतो आणि पुढच्याच ओळीत मला पर्वा नाही म्हणतो, तुला बघतोय म्हणतो आणि लगेच मी इथे नाहीच म्हणतो. म्हणजे त्याला जिथे त्रास झाला ती जागा बरोब्बर होती! गाणं अडकलेलंच आहे, त्यातून बाहेर जायला वाटच ठेवलेली नाही, आणि त्याला ते सगळ्यांत जास्त जाणवलं होतं, फक्त त्याने त्याला कंटाळा हे नाव दिलं होतं. मी हे त्याला सांगितलं तेव्हा तो म्हणाला परत लाव बरं तेवढं एक. आवडलं त्याला? नाही आवडलं, दुसऱ्यांदाही नाही आवडलं, पण ह्या वेळी त्याने ते पूर्ण ऐकलं.

प्रतिक्रिया साधारण कुठून येतात ते आधीच माहीत असलं की तुम्हाला मधे बोलणं सोपं जातं. काही लोक आवाज ऐकतात. निकचा आवाज हळू, हवेशीर, कुठेही जोर न लावणारा, वरच्या पट्टीत जाऊन काही सिद्ध न करणारा. आपल्याकडे दुःखाचं गाणं म्हणजे आलाप, हरकती, कंठ दाटून येणं असं कानात बसलेलं असतं, त्यामुळे काहींना हा माणूस काहीच वाटत नसल्यासारखा गातोय असं वाटतं आणि काहींना नेमकं तेच सहन होत नाही, की हा एवढं बोलतोय आणि आवाज हलत पण नाहीये. काही लोक फक्त गिटार ऐकतात, त्यांच्यासाठी हा अल्बम दुःखाचा नाहीच, त्यांना तो उजव्या हाताच्या बोटांचा आनंद आहे, आणि ते खोटं नाही. पाचवं 'हॉर्न' तर नुसतं गिटारच आहे, दीड मिनिटही नाही, सावकाश एकेक स्वर. गिटारवाला असेल तर त्याला तिथलंच विचारा. काही लोक शब्द धरतात. 'प्लेस टू बी'मध्ये तो लहान होतो तेव्हाचं आणि आताचं बोलतो, जणू म्हातारा होऊन मागे बघतोय, आणि गाताना तो तेवीस वर्षांचा होता. 'पॅरासाइट'मध्ये लंडनच्या भुयारी रेल्वेची नॉर्दर्न लाइन येते, जिना उतरून खाली जाणारी माणसं येतात, आणि आमच्यातल्या रोज लोकल पकडणाऱ्या एकीला पूर्ण अल्बममधलं फक्त तेच लागलं, बाकी काही नाही.

आणि मग काही लोक स्वतःचंच काहीतरी ऐकतात. मैत्रीण रडली ती निकसाठी नव्हती, तिने नंतर सांगितलं, तिला तिचे बाबा रात्री व्हरांड्यात एकटे रेडिओ लावून बसायचे ते आठवलं. ह्यावर अभ्यास पण झालाय, तारुफी आणि कोल्श ह्या दोन संशोधकांनी २०१४ मध्ये ७७२ जणांची पाहणी छापली, की उदास संगीत ऐकताना नक्की काय वाटतं, तर सगळ्यात जास्त वेळा आलेलं उत्तर दुःख नव्हतंच, जुन्या दिवसांची हुरहूर होतं, आणि शांत वाटणं सुद्धा वरच्या नंबरांत होतं. मावशीचं देवघर त्यातच बसतं. आपल्या नाट्यशास्त्राने तर फार आधीच शोक आणि करुण असे दोन वेगळे शब्द ठेवलेत, शोक हा भाव आणि करुण हा रस, शोक भोगावा लागतो आणि रसाचा आस्वाद घेतात. मावशीला हे सांगितलं तर ती म्हणाली मग मी तेच म्हणत होते ना.

त्यामुळे दोन माणसांचं जुळत नसेल तर "तुला कळलं नाही" हे वाक्य त्या खोलीत येऊ देऊ नका, आलंच तर तुम्ही मधे पडा आणि ज्याला ते म्हटलंय त्याला आधी बोलायला लावा. ज्याला आवडलं नाही त्याला शेवटी नका ठेवू, पहिला बोलू द्या. भारावलेले लोक एकदा सुरू झाले की मग न आवडलेला माणूस गप्पच बसतो, आणि गप्प बसलेल्या माणसाकडचं काय हरवलं ते कधी कळत नाही.

सगळ्यांचं बोलून झालं की मग कहाणी सांगा. आता सांगायला हरकत नाही, उलट सांगायलाच पाहिजे, पण नीट सांगा कारण ह्या माणसाबद्दल अर्धवट खूप पसरलंय. जन्म १९ जून १९४८, रंगून. वडील रॉडनी बॉम्बे बर्मा ट्रेडिंग कॉर्पोरेशनमध्ये इंजिनिअर होते, म्हणजे आपल्या मुंबईचं नाव ह्याच्या घरात असं आलेलं आहे, मोठी बहीण गॅब्रिएल लाहोरची. पुढे सगळे इंग्लंडला टॅनवर्थ-इन-आर्डन नावाच्या खेड्यात राहायला गेले. केंब्रिजला इंग्रजी साहित्य शिकत होता, डिग्री अर्धवट सोडली. तीन अल्बम काढले, एकही त्या वेळी पाच हजारसुद्धा खपला नाही. लोकांसमोर गायला त्याला जमायचं नाही, मोठेपणीचं हलतं चित्रीकरण एकही उपलब्ध नाही. २५ नोव्हेंबर १९७४ ला आईवडिलांच्या घरी झोपेत गेला, डिप्रेशनसाठी दिलेल्या गोळ्या जास्त झाल्या होत्या. चौकशीत आत्महत्या असा निर्णय आला, पण त्याला जवळून ओळखणाऱ्यांपैकी काहींना तो आजही पटत नाही.

इथे एक गोष्ट नक्की सांगा. बरेच जण 'पिंक मून'ला त्याची शेवटची चिठ्ठी समजतात. तसं नाहीये. रेकॉर्डिंग १९७१ चं, मृत्यू १९७४ चा, मधे तीन वर्षं आहेत, आणि १९७४ मध्ये त्याने आणखी काही गाणी रेकॉर्ड केली होती. आणि अल्बम संपतो तो 'फ्रॉम द मॉर्निंग'वर, सकाळ उजाडल्याचं गाणं, त्यातलीच एक ओळ त्याच्या आईवडिलांनी त्याच्या थडग्यावर कोरून घेतली. हे कळल्यावर आमच्या मैत्रिणीने शेवटचं गाणं परत लावायला सांगितलं आणि म्हणाली की पहिल्यांदा मला हे ऐकूच आलं नव्हतं, मी आधीच रडत होते. कहाणी आधी सांगितल्यामुळे काय जातं त्याचं ह्याच्यापेक्षा स्पष्ट उदाहरण माझ्याकडे नाही.

किंवा एक आहे. १९९९ च्या अखेरीस अमेरिकेत फोक्सवॅगनने टायटल गाणं एका जाहिरातीत वापरलं, चार तरुण पोरं-पोरी उघड्या गाडीतून रात्री चांदण्यात चाललेत, पार्टीच्या घरापर्यंत पोहोचतात, आत बघतात आणि न उतरता परत गाडी वळवतात. एवढंच. त्यानंतर अल्बमचा खप एकदम वाढला, आधीच्या सगळ्या वर्षांत पोहोचला नसेल इतक्या लोकांपर्यंत पोहोचला. आता जुने चाहते ह्याच गाण्यात येऊ घातलेलं काहीतरी अशुभ ऐकायचे, गुलाबी चंद्र सगळ्यांना गाठणार असा त्याचा अर्थ लावायचे, आणि हे नवीन लोक तेच गाणं मित्रांबरोबरच्या रात्रीच्या ड्राइव्हचं म्हणून ऐकत होते. गाणं तेच, दोन मिनिटांचं. उत्तर अमेरिकेत एप्रिलच्या पौर्णिमेला पिंक मून म्हणतात, त्या दिवसांत फुलणाऱ्या गुलाबी रानफुलांवरून, हे ज्याला माहीत आहे त्याला तिसरंच काहीतरी ऐकू येतं.

शक्य असेल तर ही जाहिरात शोधून ठेवा आणि कहाणी सांगून झाल्यावर दाखवा. ज्यांनी गाणं जड म्हणून घेतलंय त्यांचे चेहरे बदलतात.

एक काळजीची गोष्ट, ही मनापासून. बोलावताना कुणाचं सध्या बरं चाललेलं नाही हे तुम्हाला माहीत असेल, नुकतंच कुणी गेलंय, झोप लागत नाहीये, तर त्या माणसाला आधी एकटं गाठून विचारा की असा असा अल्बम आहे, चालेल का. इथे मात्र "आधी सांगू नका" हा नियम मोडा, बिनधास्त मोडा. काहींना अशा वेळी उदास गाण्यानेच सोबत होते, काहींना ते आणखी खाली ओढतं, आणि बाहेरून बघून आपल्याला ते ओळखता येत नाही. ऐकताना कुणी उठून गेलं आणि परत आलं नाही तर गाणं चालू ठेवून तुम्ही बाहेर जा. आणि कुणाला नुसतं बोलण्यापेक्षा जास्त मदत लागतेय असं वाटलं तर सरकारची टेली मानस हेल्पलाइन आहे, १४४१६, फुकट, चोवीस तास, मराठीतही बोलतात. नंबर मोबाईलमध्ये सेव्ह करून ठेवा, मी ठेवलाय.

पुढच्या वेळेसाठी काय लावायचं? ज्याला 'पिंक मून' फार सुनासुना वाटला त्याला 'ब्रायटर लेटर' द्या, तिथे बँड आहे, सूर मोकळे आहेत, तो तिथून परत इकडे येऊ शकतो. गिटारवाल्याला काही द्यायची गरज नाही, तो महिनाभर तारा उतरवत बसेल, आमचा बसला होता, दोन तारा तोडल्या. आणि मावशीसारखं कुणी असेल, शब्दांशिवाय ऐकणारं, तर त्याच्या आईची गाणी शोधा. मॉली ड्रेक पियानोवर स्वतःची गाणी करायची, घरातच, घरच्यांपुरती, ती तेव्हा घरच्या टेपवर रेकॉर्ड झाली आणि तिच्या मृत्यूनंतर कितीतरी वर्षांनी बाहेर आली.

दिवाळीत मावशी आली होती तेव्हा मी तिला ती लावून दिली, कुणाची आहेत ते न सांगता. ती फराळाच्या डब्यांची झाकणं लावत होती, दुसऱ्या गाण्याला हात थांबला तिचा. म्हणाली, "तो पावसातला मुलगा ना गं, त्याच्या घरातलं कुणीतरी आहे हे."